मेनी-टू-मेनी नात्यांच्या कसोटीवर पोस्टग्रेसक्यूएल

एका औषधात अनेक घटक असतात आणि तोच घटक अनेक औषधांत असतो. माहितीची अशी दोन्ही बाजूंनी गुंफण, म्हणजे मेनी-टू-मेनी नाते, ज्या डेटाबेसमध्ये ठेवायची आहे तो निवडताना वेगाचे आकडे पाहून भागत नाही. 'या औषधात कोणते घटक आहेत' हा प्रश्न कोणताही रिलेशनल, म्हणजे माहिती टेबलांत ठेवणारा, डेटाबेस विनासायास सोडवतो. कस लागतो तो पुढच्या प्रश्नांना: हे तिन्ही घटक असलेली औषधे कोणती, यांपैकी एकही घटक नसलेली कोणती, आणि नेमके हेच घटक असलेले दुसरे औषध आहे का? रुग्णाला एखाद्या घटकाची ॲलर्जी असेल किंवा लिहून दिलेले औषध मिळत नसेल, तेव्हा हेच प्रश्न विचारले जातात आणि त्यांचे चुकीचे उत्तर महागात पडते. पोस्टग्रेसक्यूएल या मुक्त डेटाबेसचे हे परीक्षण याच प्रश्नांपुरते आहे. त्याच्या इतर असंख्य सोयींविषयी येथे लिहिलेले नाही.

बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांच्या नेतृत्वाखाली १९८६ मध्ये सुरू झालेल्या पोस्टग्रेस प्रकल्पातून हा डेटाबेस जन्मला आणि एसक्यूएल ही डेटाबेसला प्रश्न विचारण्याची भाषा स्वीकारल्यानंतर १९९६ मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. बोलताना सगळेच त्याला पोस्टग्रेस म्हणतात आणि पुढे येथेही तसेच म्हटले आहे. तो वापरण्यासाठी परवाना शुल्क नाही. माझे मत आधीच सांगतो: मेनी-टू-मेनी नात्यांवरचे प्रश्न ज्या रूपात मनात येतात त्याच्या अगदी जवळच्या रूपात पोस्टग्रेसमध्ये लिहिता येतात, आणि एकाच प्रश्नाच्या अनेक मांडणींतून परिस्थितीला साजेशी मांडणी निवडता येते, हे त्याचे मोठे बळ आहे. मात्र जॉइनमुळे, म्हणजे टेबले एकमेकांना जोडल्यामुळे, ओळी गुणल्या जाण्याचा धोका आणि उलट दिशेच्या इंडेक्सची, म्हणजे शोध जलद करणाऱ्या सूचीची, गरज, या दोन्ही बाबी तो पूर्णपणे वापरणाऱ्यावर सोडतो आणि त्यांबद्दल कोणताही इशारा देत नाही.

रचनेपासून सुरुवात करणे भाग आहे, कारण येथे क्वेरीचे, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाचे, निम्मे भवितव्य टेबल बनवतानाच ठरते. औषधांचे एक टेबल, घटकांचे एक टेबल आणि त्यांना जोडणारे 'औषध_घटक' हे तिसरे टेबल, ही नेहमीची मांडणी. जोडणाऱ्या टेबलात औषधाचा क्रमांक, घटकाचा क्रमांक आणि त्या औषधातील त्या घटकाची मात्रा मिलिग्रॅममध्ये एवढे तीन कॉलम पुरतात. मात्रा ही औषधाचीही नसते आणि घटकाचीही नसते. ती त्या जोडीची असते, म्हणून तिची जागा हीच. दोन्ही क्रमांक मिळून प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक ओळीची एकमेव ओळख, केली की एकच जोडी दोनदा नोंदवली जात नाही, आणि दोन्ही कॉलमांत नल, म्हणजे मूल्याचा अभाव, शिरणेही आपोआप बंद होते. या टेबलाला स्वतंत्र अनुक्रमांक देऊन जोडीवर कोणतेच बंधन न ठेवण्याची पद्धत बरीच प्रचलित आहे, पण तिच्यामुळे पुढच्या प्रत्येक मोजणीवर संशय घ्यावा लागतो. स्वतंत्र अनुक्रमांक हवाच असेल, तर जोडीवर युनिक बंधन आणि दोन्ही कॉलमांवर नॉट नल हे लावलेच पाहिजे.

पोस्टग्रेस प्रायमरी कीसाठी बी-ट्री इंडेक्स स्वतः तयार करतो, परंतु फॉरेन कीच्या, म्हणजे दुसऱ्या टेबलातील ओळीकडे बोट दाखवणाऱ्या, कॉलमांसाठी तसे करत नाही. प्रायमरी की 'औषध, घटक' या क्रमाने असेल, तर औषधावरून घटक शोधणे झटपट होते. घटकावरून औषधे शोधण्यासाठी मात्र त्या इंडेक्सचा फारसा उपयोग होत नाही आणि संपूर्ण टेबल वाचण्याची वेळ येते. त्याच कारणाने घटकांच्या टेबलातून एखादी ओळ काढून टाकतानाही वेळ लागतो, कारण ती ओळ कोठे वापरली गेली आहे का, हे तपासण्यासाठी जोडणारे टेबल चाळावे लागते. लहान चाचणी माहितीवर हे कधीच जाणवत नाही. टेबल लाखो ओळींचे झाले की एकदम जाणवू लागते, आणि तोवर त्याचे कारण शोधणाऱ्याचे लक्ष क्वेरीच्या शब्दांकडे लागलेले असते. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमधील इनोडीबी हे साठवण-इंजिन फॉरेन कीच्या कॉलमावर इंडेक्स नसेल तर तो स्वतःहून बनवते. पोस्टग्रेसने तसे न करण्यामागे कारण आहे, कारण प्रत्येक इंडेक्स लिहिण्याचा खर्च वाढवतो. पण टेबल तयार होताना एक साधी सूचना दाखवली गेली असती, तर अनेकांचा त्रास वाचला असता.

हा उलट इंडेक्स 'घटक, औषध' असा दोन कॉलमांचा ठेवावा की केवळ 'घटक' असा एका कॉलमाचा, यावर थोडे थांबायला हवे. दोन कॉलमांचा ठेवला तर घटकावरून औषधांचे क्रमांक इंडेक्समधूनच मिळतात आणि टेबलाला हात लावावा लागत नाही. ही सोय २०१२ च्या ९.२ आवृत्तीपासून आहे, मात्र तिचा पूर्ण लाभ मिळण्यासाठी टेबलावर व्हॅक्यूम, म्हणजे जुन्या ओळींची साफसफाई, नियमितपणे व्हायला हवे. एका कॉलमाचा ठेवला तर २०२० च्या तेराव्या आवृत्तीत आलेल्या डीडुप्लिकेशनमुळे तो आकाराने बराच लहान राहतो, कारण हजारो औषधांत असलेल्या घटकाचा क्रमांक पुन्हा पुन्हा लिहावा लागत नाही. दोन कॉलमांच्या इंडेक्समध्ये प्रत्येक जोडी वेगळी असल्याने ही बचत जवळजवळ होत नाही. माझा कौल दोन कॉलमांच्या बाजूने आहे, कारण मेनी-टू-मेनी क्वेरींत जोडणाऱ्या टेबलातून बहुतेक वेळा हे दोन क्रमांकच हवे असतात. २०२५ मध्ये आलेल्या अठराव्या आवृत्तीत स्किप स्कॅन ही नवी सोय आहे, जिच्यामुळे इंडेक्सचा पहिला कॉलम क्वेरीत नसला तरी दुसऱ्या कॉलमावरून शोध घेता येतो. तिच्या भरवशावर उलट इंडेक्स टाळण्याचा मोह होऊ शकतो. पण पहिल्या कॉलमात वेगवेगळी मूल्ये थोडी असतील तरच ही सोय उपयोगी ठरते, आणि येथे पहिल्या कॉलमात हजारो औषधांचे क्रमांक आहेत.

आता प्रश्नांकडे वळू. 'पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन यांपैकी काहीही असलेली औषधे' हा प्रश्न जॉइन लावून लिहिला, तर ज्या औषधात दोन्ही घटक आहेत ते दोनदा येते. यावर बहुतेक जण डिस्टिंक्ट लावतात. उत्तर बरोबर येते, परंतु आधी जादा ओळी तयार करायच्या आणि मग त्या पुसायच्या असा तो मार्ग आहे. हाच प्रश्न एक्झिस्ट्स वापरून 'अशी जोडी अस्तित्वात आहे का' या रूपात लिहिला की जादा ओळी मुळात निर्माणच होत नाहीत. एक्झिस्ट्स आणि इन या दोन्ही मांडणींना पोस्टग्रेसचा प्लॅनर, म्हणजे क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग, सेमी-जॉइनमध्ये, म्हणजे जुळणी आहे का एवढेच पाहणाऱ्या जॉइनमध्ये, रूपांतरित करतो, त्यामुळे वेगाच्या नावाखाली त्या दोघांत निवड करण्याचे कारण उरत नाही. मी एक्झिस्ट्सला पसंती देतो, कारण वाचणाऱ्याला हेतू लगेच कळतो: घटकांची माहिती नको आहे, फक्त त्यांचे असणे तपासायचे आहे.

खरी रंगत 'दोन्ही' या शब्दात आहे. पॅरासिटामॉल आणि कॅफीन हे दोन्ही घटक असलेली औषधे शोधताना नवखा माणूस अट अशी लिहितो, की घटकाचे नाव पॅरासिटामॉल असावे आणि घटकाचे नाव कॅफीन असावे. उत्तरात एकही ओळ येत नाही, कारण व्हेअर या कलमातली अट एका वेळी एकाच ओळीला लागू होते आणि एका ओळीत एकच घटक असतो. प्रश्न ओळींच्या संचाविषयी असतो आणि अट एका ओळीविषयी लिहिली जाते. मेनी-टू-मेनी क्वेरींतील बहुतांश चुकांचे मूळ येथे आहे. पोस्टग्रेसमध्ये यावर अनेक मार्ग आहेत. दोन स्वतंत्र एक्झिस्ट्स अटी लिहाव्यात, किंवा जोडणारे टेबल दोन वेगळ्या नावांनी दोनदा जॉइन करावे, किंवा दोन क्वेरींच्या उत्तरांचा इंटरसेक्टने छेद घ्यावा. घटक दोनच असतील आणि ते आधी ठाऊक असतील, तर पहिला मार्ग सर्वांत स्वच्छ आहे.

घटकांची यादी वापरकर्ता निवडणार असेल, कधी दोन तर कधी सात, तर मोजणीचा मार्ग धरावा. जोडणाऱ्या टेबलातून यादीतल्या घटकांच्याच ओळी घ्यायच्या, औषधाच्या क्रमांकावर ग्रुप बायने गट करायचे आणि हॅविंगमध्ये, म्हणजे गटांवरच्या अटीत, ओळींची संख्या यादीच्या लांबीइतकी आहे का ते पाहायचे. पोस्टग्रेसमध्ये संपूर्ण यादी ॲरे, म्हणजे मूल्यांची क्रमवार रांग, म्हणून एकाच पॅरामीटरमधून पाठवता येते आणि '= एनी' अशी तुलना करता येते, त्यामुळे यादी लहान-मोठी झाली तरी क्वेरीचा मजकूर बदलत नाही. येथे दोन गोष्टी डोळ्यांत तेल घालून पाहाव्या लागतात. पहिली अशी, की जोडीवर युनिक बंधन नसेल तर एकाच घटकाच्या दोन ओळी दोन घटक म्हणून मोजल्या जातात. दुसरी अशी, की वापरकर्त्याच्या यादीतच एखादा घटक दोनदा आला तर यादीची लांबी तीन आणि सापडलेल्या ओळी दोन अशी स्थिती होते, आणि बरोबर औषध असूनही उत्तर रिकामे येते. म्हणून यादी आधीच एकेरी करून घ्यावी. रिकामे उत्तर पाहून कोणालाही चूक झाल्याचा संशय येत नाही, म्हणून ही चूक अधिक घातक आहे.

'सर्व घटक असलेली' या प्रश्नाला रिलेशनल बीजगणितात भागाकार म्हणतात. रिलेशनल प्रतिमान १९७० मध्ये मांडणाऱ्या एडगर कॉड यांनी १९७२ मध्ये या क्रियेची व्याख्या केली, तरी एसक्यूएलमध्ये तिच्यासाठी आजही स्वतंत्र शब्द नाही आणि पोस्टग्रेसनेही आपल्या बाजूने तो दिलेला नाही. त्याऐवजी पाठ्यपुस्तकांत नॉट एक्झिस्ट्स दोनदा वापरून लिहिलेली मांडणी आढळते: 'जो या औषधात नाही असा एकही हवा असलेला घटक नाही'. तर्काच्या दृष्टीने ही मांडणी निर्दोष आहे. हव्या असलेल्या घटकांची यादी रिकामी असेल तर ती सर्व औषधे परत देते, तर मोजणीची मांडणी एकही औषध देत नाही. शोधाच्या पडद्यावर वापरकर्त्याने काहीच निवडले नाही तर काय दिसावे, हा निर्णय या फरकाशी थेट जोडलेला आहे आणि तो जाणीवपूर्वक घ्यायला हवा. वाचायला मात्र ही दुहेरी नकाराची मांडणी जड आहे, आणि मोठ्या टेबलांवर मोजणीची मांडणी बहुधा अधिक वेगवान ठरते.

'नेमके हेच घटक' हा प्रश्न पर्यायी औषध शोधणाऱ्याचा असतो, आणि येथे पोस्टग्रेस खरोखर उजवा ठरतो. प्रत्येक औषधाच्या घटकांचे क्रमांक ॲरे-ॲगने, क्रम ठरवून, एका ॲरेत गोळा करायचे आणि तो ॲरे दुसऱ्या औषधाच्या ॲरेशी सरळ बरोबरीच्या चिन्हाने ताडून पाहायचा. क्रम ठरवणे आवश्यक आहे, कारण ॲरेची तुलना घटकांच्या स्थानानुसार होते. मात्राही जुळायला हवी असेल, तर क्रमांकासोबत मात्रेचाही ॲरे करून तोही ताडता येतो. उपसंच शोधायचा असेल, तर 'यात हे सामावले आहे' असे सांगणारे ॲरेचे चिन्ह आहे, आणि एकमेकांत काही सामाईक आहे का हे सांगणारे दुसरे चिन्हही आहे. ज्यांना ॲरे नकोसे वाटतात त्यांच्यासाठी २०१४ च्या ९.४ आवृत्तीपासूनचे फिल्टर कलम आहे. एकूण घटकांची मोजणी आणि यादीतल्या घटकांची मोजणी एकाच ग्रुप बायमध्ये शेजारी शेजारी करून दोन्ही यादीच्या लांबीइतक्या आहेत का, एवढे पाहिले की झाले. फक्त येथे यादीची अट व्हेअरमध्ये लिहायची नाही, कारण तसे केले तर यादीबाहेरचे घटक मोजणीपूर्वीच गळून पडतात आणि चार घटकांचे औषध दोन घटकांचे असल्याचे भासते.

नकाराचा प्रश्न सर्वांत जोखमीचा. 'पॅरासिटामॉल नसलेली औषधे' हवी असताना जॉइन करून 'घटक पॅरासिटामॉल नाही' अशी अट लिहिली, तर पॅरासिटामॉल आणि कॅफीन असलेले औषधही उत्तरात येते, कारण त्याची कॅफीनची ओळ ती अट पूर्ण करते. ज्याला त्या घटकाची ॲलर्जी आहे त्याच्यापुढे असे उत्तर ठेवणे धोकादायक आहे. अचूक मांडणी नॉट एक्झिस्ट्सची, आणि तिला पोस्टग्रेस २००९ च्या ८.४ आवृत्तीपासून अँटी-जॉइन, म्हणजे जुळणी नसलेल्याच ओळी ठेवणारा जॉइन, म्हणून चालवतो. नॉट इन मात्र टाळावे. आतल्या क्वेरीतून एक जरी नल आला तरी बाहेरच्या क्वेरीचे उत्तर रिकामे होते. हा पोस्टग्रेसचा दोष नव्हे, एसक्यूएलच्या खरे, खोटे आणि अज्ञात या तीन मूल्यांच्या तर्काचा तो परिणाम आहे. परंतु अठराव्या आवृत्तीपर्यंत नॉट इनला अँटी-जॉइनचा लाभही मिळत नाही, आणि आतली यादी ठरवून दिलेल्या मेमरीत मावली नाही तर तीच आतली क्वेरी पुन्हा पुन्हा चालवली जाते व वेळ कल्पनेबाहेर वाढतो. जोडणाऱ्या टेबलाची प्रायमरी की नीट असेल तर नलचा धोका तेथे नसतो, तरी सवय नॉट एक्झिस्ट्सचीच लावून घ्यावी.

पोस्टग्रेस वापरणाऱ्याला एकटे सोडतो ती सर्वांत मोठी जागा पुढची आहे. औषधाला घटकांप्रमाणे लक्षणेही जोडलेली आहेत असे समजा, म्हणजे एकाच औषधाभोवती दोन मेनी-टू-मेनी नाती. एका औषधाचे तीन घटक आणि चार लक्षणे एकाच क्वेरीत जॉइन केली की त्या औषधाच्या बारा ओळी होतात. नावे स्ट्रिंग-ॲगने जोडली तर प्रत्येक घटक चारदा आणि प्रत्येक लक्षण तीनदा छापले जाते, जे निदान डोळ्यांना दिसते. मात्रांची बेरीज केली तर ती चौपट येते, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. डिस्टिंक्टने नावांची दुरुस्ती होते, म्हणून लोक बेरजेतही डिस्टिंक्ट लावतात. तेथे ते चुकते, कारण दोन वेगळ्या घटकांची मात्रा योगायोगाने प्रत्येकी ५०० मिलिग्रॅम असेल तर बेरीज १००० ऐवजी ५०० होते. डेटाबेस यावर काहीही बोलत नाही, कारण त्याच्या दृष्टीने क्वेरी पूर्णपणे वैध आहे.

यावरचा उपाय पोस्टग्रेसमध्ये उत्तम आहे. प्रत्येक नात्याचा गोषवारा आधी स्वतंत्रपणे काढावा आणि मग तो औषधाच्या ओळीला जोडावा. त्यासाठी २०१३ च्या ९.३ आवृत्तीत आलेले लॅटरल कलम अतिशय सोयीचे आहे, कारण आतल्या क्वेरीला बाहेरच्या औषधाचा क्रमांक थेट वापरता येतो. दहा औषधांचे एक पान दाखवायचे असेल, तर त्या दहांपुरतेच घटक व लक्षणे गोळा होतात. जेसन या मजकूर-स्वरूपात यादी रचणाऱ्या जेसन-ॲगने घटकांची यादी नाव आणि मात्रेसह रचून दिली, की ॲप्लिकेशनला एका औषधामागे एकच ओळ मिळते आणि औषधांची संख्या कितीही असली तरी एकच फेरी पुरते. प्रत्येक औषधासाठी वेगळी क्वेरी पाठवण्याची जी सवय ओआरएम, म्हणजे प्रोग्राममधून क्वेरी आपोआप तयार करणारी साधने, वापरणाऱ्यांत सर्रास आढळते, तिच्यावर याहून चांगला इलाज मला ठाऊक नाही. मायएसक्यूएलमधील ग्रुप-कॉन्कॅट या नावे जोडणाऱ्या फंक्शनची लांबी मूळ मांडणीत, म्हणजे काही न बदलल्यास, १०२४ बाइटांवर थांबते आणि पुढचा मजकूर कापला जातो. स्ट्रिंग-ॲगवर अशी आखूड मर्यादा नाही, हेही येथे नोंदवायला हवे.

घटक न नोंदवलेले औषधही यादीत दिसावे म्हणून लेफ्ट जॉइन लावला, की दोन बारीक गोष्टी सांभाळाव्या लागतात. सर्व ओळी मोजणारे काउंट अशा औषधासाठी शून्याऐवजी एक देते, म्हणून मोजणी घटकाच्या कॉलमाची करावी. ॲरे-ॲग रिकाम्या ॲरेऐवजी आत एक नल असलेला ॲरे देते. फिल्टर कलमाने तो नल गाळता येतो आणि कोअलेसने रिकामा ॲरे देता येतो. तसेच घटकावरची अट व्हेअरमध्ये लिहिली तर लेफ्ट जॉइनचा उद्देशच संपतो. ती जॉइनच्या ऑन भागात लिहावी लागते. औषधाच्या प्रायमरी कीवर ग्रुप बाय केल्यावर त्याचे नाव, प्रकार वगैरे कॉलम पुन्हा ग्रुप बायमध्ये लिहावे लागत नाहीत, ही २०११ च्या ९.१ आवृत्तीपासूनची सोय लहान असली तरी अशा क्वेरी रोज लिहिणाऱ्याला ती फार सुखावह वाटते.

क्वेरी संथ झाली की काय चालले आहे ते दाखवण्यात पोस्टग्रेसचा एक्स्प्लेन ॲनालाइझ फार प्रामाणिक आहे. प्रत्येक टप्प्यावर किती ओळींचा अंदाज होता आणि प्रत्यक्षात किती आल्या, हे तो शेजारी शेजारी छापतो. मेनी-टू-मेनी क्वेरींत हे दोन आकडे दूर जाण्याचे एक ठरावीक कारण आहे. एखादा घटक हजारो औषधांत असतो आणि दुसरा तीनच औषधांत. घटकाचे नाव देऊन जॉइन केला, तर योजना आखताना प्लॅनरला त्या नावामागचा क्रमांक माहीत नसतो. तो सरासरी धरतो, आणि हजारो ओळी येणार असताना वीस-पंचवीस ओळींसाठी योग्य असलेला नेस्टेड लूप, म्हणजे एकेका ओळीसाठी पुन्हा शोध घेण्याची पद्धत, निवडतो. घटकाचा क्रमांक आधी वेगळ्या क्वेरीने मिळवून तो थेट दिला, तर प्लॅनर सर्वाधिक आढळणाऱ्या मूल्यांच्या आपल्या यादीत तो पाहतो आणि अंदाज वस्तुस्थितीच्या जवळ येतो. दहाव्या आवृत्तीपासून अनेक कॉलमांची एकत्रित सांख्यिकी ठेवता येते, पण ती एकाच टेबलातील कॉलमांपुरती आहे. जॉइनच्या दोन बाजूंमधला संबंध तिच्यात नोंदवता येत नाही. याच ठिकाणी पुढील आवृत्त्यांत सुधारणा व्हावी असे मला मनापासून वाटते. एका क्वेरीत आठांहून अधिक टेबले जॉइनने जोडली, तर प्लॅनर मूळ मांडणीत सर्व क्रम तपासून पाहत नाही, हेही लक्षात असावे, कारण प्रत्येक मेनी-टू-मेनी नाते दोन टेबले खर्ची घालते आणि चार नात्यांतच ती मर्यादा ओलांडली जाते.

जोडणारे टेबलच टाळून औषधाच्या ओळीत घटकांच्या क्रमांकांचा ॲरे ठेवावा आणि त्यावर ॲरेतील प्रत्येक मूल्य शोधता येणारा जिन इंडेक्स लावावा, असा सल्ला अधूनमधून दिला जातो. शोध खरोखर वेगवान होतो आणि 'हे सर्व घटक असलेली' हा प्रश्न एका चिन्हात लिहिला जातो. तरी ॲरेतल्या प्रत्येक क्रमांकावर फॉरेन की लावता येत नाही, त्यामुळे अस्तित्वात नसलेला घटक ॲरेत राहू शकतो, आणि मात्रा ठेवायला जागा उरत नाही. लेखांना लावलेल्या मोकळ्या टॅगसाठी ही मांडणी चालेल. औषधांसारख्या माहितीसाठी मी ती स्वीकारणार नाही. ॲरे क्वेरीच्या उत्तरात असावा, साठवणुकीत नसावा.

एकट्याने वापरायच्या लहान ॲपसाठी एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस पुरेसा असतो आणि वर सांगितलेल्या बहुतेक मांडणी त्यातही चालतात. मात्र त्यात फॉरेन कीची तपासणी मूळ मांडणीत बंद असते व प्रत्येक कनेक्शनवर ती चालू करावी लागते, आणि साध्या टेबलाच्या जोडप्रायमरी कीमध्ये नॉट नल स्पष्ट न लिहिल्यास नलही शिरू शकतो. जोडणाऱ्या टेबलाच्या विश्वासार्हतेवर सगळे अवलंबून असताना हा फरक मोठा आहे.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने अठरावी आवृत्ती घ्यावी, कारण तिच्यात एक्स्प्लेन ॲनालाइझ वेगळे न सांगताही किती ब्लॉक, म्हणजे साठवणुकीचे तुकडे, वाचले गेले ते दाखवतो, आणि उलट इंडेक्स कामाला येतो आहे की नाही हे त्या आकड्यावरून लगेच कळते. प्रत्येक मुख्य आवृत्तीला पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात. तेराव्या आवृत्तीचा हा काळ नोव्हेंबर २०२५ मध्ये संपला असल्याने तिच्यावर किंवा तिच्याआधीच्या आवृत्तीवर असलेल्यांनी पुढे जावे. पुढे जाण्यापूर्वी प्रत्येक जोडणाऱ्या टेबलाचे इंडेक्स तपासावेत आणि दुसऱ्या कॉलमापासून सुरू होणारा इंडेक्स नसेल तेथे तो काँकरंटली बनवावा, म्हणजे तो तयार होत असताना नोंदी लिहिण्याचे काम थांबत नाही.